टायमिंग बेल्ट बदलताना क्रँक कसा धरायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी काही मिस्त्री नाही. नोकरी वेगळीच आहे, पण शनिवार-रविवार नाशकात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांखाली पडलेला असतो. बेल्ट बदलण्याचं बाकीचं सगळं लोक व्हिडिओ बघून शिकतात, पण एका जागी हमखास अडकतात आणि तिथून मला फोन येतो, तो म्हणजे क्रँक पुलीचा मोठा बोल्ट (क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, पुली त्याच्या टोकावर असते). पाना लावला की बोल्टाबरोबर अख्खं इंजिन फिरतं. मग कोणी पेचकस खुपसतं, कोणी टायमिंगची पिन लावून तिच्यावर जोर काढतं. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरणं जास्त करून लोगन, व्हेरिटो, डस्टर, टेरानोच्या १४६१ सीसी डिझेल इंजिनाची असतील, कारण लोगन २००७ पासून आमच्या इथेच नाशकात बनायची आणि अजूनही दर दोन गल्ल्यांमागे एक उभी दिसते, त्यामुळे माझा हात त्यावर जास्त बसलाय.

क्रँक लॉक करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

इथेच पहिला घोळ आहे, कारण आपण दोन वेगळ्या कामांना एकच नाव दिलंय. पहिलं काम, पहिला पिस्टन बरोबर वर म्हणजे टीडीसीला आणून क्रँक त्या जागेवर राहील असं बघायचं, म्हणजे जुना बेल्ट काढून नवा चढवेपर्यंत टायमिंग जागचं हलत नाही. दुसरं काम, पुलीचा बोल्ट सोडताना किंवा आवळताना इंजिन फिरू द्यायचं नाही. पहिल्या कामात जोर जवळपास शून्य असतो पण जागा केसभरही चुकून चालत नाही. दुसऱ्यात क्रँक कुठल्याही कोनात असला तरी चालतो पण जोर दणदणीत लागतो. पहिल्या कामाचं टूल दुसऱ्याला वापरलं की वाट लागते, आणि खाली मी जे काय लिहिलंय ते फिरून फिरून इथेच येणार आहे.

क्रँक थोडासा हलला तर एवढं काय बिघडतं?

क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा, म्हणजे वॉल्व उघडणाऱ्या दांड्याचा, एक होतो, आणि हा हिशोब फक्त तो रबरी बेल्ट सांभाळतो. क्रँकच्या छोट्या पुलीला समजा २० दाते असतील तर एक दात चुकला म्हणजे क्रँक १८ अंश चुकला. पेट्रोलमध्ये एखादा दात चुकला तर कधी कधी गाडी नुसती मरगळल्यासारखी चालते, चेक लाइट लागते. डिझेलमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा हेडला, म्हणजे इंजिनाच्या वॉल्व असलेल्या वरच्या भागाला, जवळजवळ चिकटतो, तिथे उघड्या वॉल्वला पळायला जागाच नसते. वॉल्व वाकले की हेड उतरवा, आणि मग बेल्टचा खर्च चहापाण्याचा वाटायला लागतो.

किटमध्ये पिन आलीय. ती घातली की क्रँक लॉक झाला ना?

टायमिंगपुरता झाला, बोल्टासाठी नाही.

लोगनच्या डिझेलमध्ये ब्लॉकवर एक टॉर्क्सचा प्लग असतो, तो काढायचा आणि तिथे पिन आट्यांमध्ये बसवायची, कंपनीचा नंबर मॉट १४८९, बाजारात त्याच मापाच्या कॉप्या मिळतात. मग क्रँक घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवायचा, क्रँकचा वेब, म्हणजे त्याचा बाहेर आलेला जाड भाग, येऊन पिनेला टेकतो, टक्क असा बारीक आवाज येतो आणि पाना थांबतो. टेकतो हा शब्द नीट वाचा. पिन कुठल्या भोकात शिरून दोन्हीकडून धरत नाही, क्रँक एका बाजूने येऊन तिला नुसता टेकून उभा राहतो. म्हणजे बोल्ट सोडायला तुम्ही उलटा जोर लावला की क्रँक पिनेपासून लांब जाणार, पिनेचा काडीचा उपयोग नाही. आणि आवळायला सुलटा जोर लावला की सगळा भार त्या एका बोटाएवढ्या पिनेवर.

किती भार, ते कागदावर मांडून बघा. ३०० न्यूटन मीटरने बोल्ट आवळताय आणि पिन क्रँकच्या मध्यापासून ५-६ सेंटीमीटरवर टेकलीय असं धरलं तर पिनेवर ५००० ते ६००० न्यूटन येतात, म्हणजे ५००-६०० किलो, तेही आडवे. तेच इंजिन फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या गिअरबॉक्सकडच्या टोकावरच्या जड चाकाच्या, दात्यांवर धरलं तर तिथे त्रिज्या १३-१४ सेंटीमीटर मिळते, भार सव्वादोनशे किलोच्या आसपास येतो, आणि तो घ्यायला जाड लोखंडी पट्टी असते.

मला हे कळलं ते माझ्याच लोगनवर. पहिल्यांदा बेल्ट टाकत होतो, रात्रीचे साडेअकरा झालेले, पार्किंगचा दिवा दर पाच मिनिटांनी आपोआप बंद व्हायचा आणि मी हात हलवून परत चालू करायचो. बोल्ट आवळताना म्हटलं पिन आहेच की आत, आणि पान्याला पाईप घालून ओढला. काहीतरी गच्चकन दबल्यासारखं हाताला लागलं. आवाज नाही, नुसतं लागलं. मला वाटलं बोल्ट बसला. मग पिन काढायला गेलो तर अर्धा आटा फिरून अडकली, वाकली होती. क्रँक किंचित मागे घेऊन, व्हाइस ग्रिपने धरून, तेल सोडत सोडत ती बाहेर यायला दीड तास गेला आणि ब्लॉकचे पहिले दोन आटे खराब झाले ते झालेच. ती वाकडी पिन अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे, कोणी हा प्रश्न विचारला की हातात देतो.

मग बोल्ट सोडताना इंजिन धरायचं कशाने?

मॅन्युअल गाडीत सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे फ्लायव्हीलची रिंग गिअर, ज्या दात्यांमध्ये सेल्फ (स्टार्टर मोटर) अडकतो ती. सेल्फ उतरवला की त्या तोंडातून दाते दिसतात, काही गाड्यांना बेल हाउसिंगखाली, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लचवरच्या कवचाखाली, वेगळं झाकण असतं, ते काढलं तरी दिसतात. तिथे दात्यांत बसेल आणि हाउसिंगला बोल्टने पक्कं होईल असं काहीतरी लावायचं. गाडीप्रमाणे तयार लॉक मिळतो. नसेल मिळत तर बनवून घ्या, मी अंबडच्या एका लेथवाल्याकडून १० मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा करून घेतला.

माप असं घेतलं: जाड पुठ्ठा सेल्फच्या तोंडावर धरला, सेल्फच्या दोन बोल्टांची भोकं त्यावर दाबून उमटवली, आणि ग्रीस लागलेल्या बोटाने रिंगच्या दात्यांचा ठसा पुठ्ठ्याच्या कडेला घेतला. लेथवाला पुठ्ठा बघून हसला, पण पट्टी पहिल्याच फटक्यात बसली. कमीत कमी तीन दाते पकडतील असं करा, एका दातावर सगळा भार टाकू नका. आणि पट्टी दोन्ही दिशांना धरते का हे आधीच बघा, कारण बोल्ट सोडताना एका बाजूला ढकलणार आणि आवळताना दुसऱ्या. नुसती पाचर मारली तर सोडताना धरेल आणि आवळताना निसटेल, वर ती पडणार कुठे, तर हाउसिंगच्या आत.

पेचकस किंवा पहार दात्यांत अडकवली तर?

बहुतेक गॅरेजमध्ये हेच चालतं, आणि दहातल्या नऊ वेळा काही होत नाही हेही खरं. दहाव्या वेळी रिंगचा दात उडतो, मग सेल्फ मारला की कधी तरी एकदम खर्रर्र होतं, किंवा हाउसिंगची ॲल्युमिनियमची कड तुटते. पहार टेकवायची जागा त्या ॲल्युमिनियमवरच असते ना, लोखंड कुठे मध्ये असतं. माझ्या ओळखीत एकाच्या गाडीचं हाउसिंग असंच तुटलं आणि गॅरेजवाल्याने ते सिलिकॉन लावून बुजवलं, पुढच्या पावसाळ्यात आत चिखल.

पाचवा गिअर टाकून ब्रेक दाबला की काम होतं असं ऐकलंय.

होतं. माझ्याकडे लॉक नव्हता तेव्हा मीही तसंच करायचो. पाचवाच का, तर पहिल्या गिअरमध्ये तुमचा जोर चाकाशी पंधरा पटींच्या आसपास होऊन पोचतो आणि ब्रेकला तेवढं धरायला लागतं, पाचव्यात साधारण तिप्पटच होतो. आत एक माणूस बसवायचा, ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगायचं, आणि क्लचला पाय लावायचा नाही हे त्याला दोनदा सांगायचं कारण सवयीने लोक दोन्ही दाबतात. हँडब्रेकचा इथे उपयोग नाही, तो मागच्या चाकांना आणि इंजिन पुढची फिरवतं. बेल्टसाठी पुढचं उजवं चाक काढलेलं असतं, तेव्हा डिस्क हबवर हलू नये म्हणून चाकाचे दोन-तीन बोल्ट वॉशर घालून परत लावून घ्या.

त्रास दोन. क्लच झिजलेला असला तर बोल्टाआधी क्लच सरकतो. आणि गिअर, ॲक्सल, टायर सगळीकडे थोडी थोडी ढिलाई असते त्यामुळे पाना स्प्रिंगसारखा मागे-पुढे होतो, डुअल मास फ्लायव्हील असेल तर अजूनच, तिच्यात स्प्रिंगाच असतात. सोडायला ठीक, पण अंश मोजून, म्हणजे ठरलेल्या जोरानंतर पाना अजून ठराविक अंश फिरवून, आवळायचं असेल तर वैताग येतो. टायमिंगची जागा धरायला ही पद्धत वापरायचीच नाही.

माझी ऑटोमॅटिक आहे. पार्कमध्ये टाकली तर?

काही होणार नाही. पार्कचा खिळा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टला अडवतो, इंजिन आणि त्याच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टरचं तेल आहे, इंजिन आरामात फिरत राहतं. डीएसजी म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्येही तेच, इंजिन बंद असताना तिचे क्लच उघडे असतात. अशा गाड्यांना पुली धरायचं टूल बघा. फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या फ्लेक्सप्लेटच्या दात्यांवर लॉक लावता येतो पण ती प्लेट पातळ पत्र्याची असते, बेताने.

पुलीच धरून ठेवली तर? साखळीचा पाना आहे माझ्याकडे.

पुलीला मधल्या भागात भोकं किंवा आटे असतील तर छान, दोन-अडीच फुटांची लोखंडी पट्टी घेऊन दोन बोल्टांनी तिथे पक्की करा आणि पट्टीचं दुसरं टोक जमिनीला किंवा सबफ्रेमला टेकवा. मध्ये सॉकेट जाईल एवढं भोक पट्टीला पाडायला विसरू नका, मी विसरलो होतो.

साखळीचा पाना मात्र नको. आजकालच्या बहुतेक क्रँक पुल्या दोन भागांच्या असतात, मध्ये लोखंडी हब, बाहेर कडं, आणि दोघांमध्ये रबर. थरथर कमी व्हावी म्हणून ते असतं. बाहेरचं कडं साखळीने धरून मधला बोल्ट ओढला की सगळा पीळ त्या रबराला बसतो, ते एकदा हबपासून सुटलं की पुली डुगडुगायला लागते आणि एसी-अल्टरनेटरचा बेल्ट कधी तरी रस्त्यात उतरतो. तो टायमिंग कव्हरमध्ये घुसला तर विषयच संपला.

होंडाच्या जुन्या सिटीत, १९९८ पासूनच्या पहिल्या मॉडेलमध्ये, पुलीच्या आत मोठा षटकोन असतो, ५० मिलिमीटरचा, त्यात बसणारा होल्डर मिळतो. ती पद्धत मला सगळ्यात आवडते, बाकी कंपन्यांनी का नाही केली देव जाणे.

पाना जमिनीला टेकवून सेल्फ मारला की बोल्ट सुटतो म्हणतात?

सुटतो. पण मी करत नाही आणि तुम्हीही करू नका. पाना निसटला तर तो कुठे जाईल हे कोणाच्याच हातात नसतं, आणि इंधन नीट बंद केलं नसेल तर इंजिन चालू होतं, पान्यासकट. शिवाय ही युक्ती फक्त सोडायला, आवळताना परत तुम्ही तिथेच. आणि वर सांगितलेली जुनी सिटी? तिचं इंजिन उलटं, म्हणजे पुलीकडून बघितलं तर घड्याळाच्या विरुद्ध फिरतं. तिथे सेल्फ मारला तर बोल्ट अजून आवळला जाणार. त्यानंतरच्या, २००३ पासूनच्या सिटीचं इंजिन सुलटं फिरतं आणि तिला चेनच आहे.

स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी घालायची युक्ती?

पेट्रोलला चालते. सिलिंडर कॉम्प्रेशनवर येत असताना, म्हणजे दोन्ही वॉल्व बंद असताना, मऊ सुती दोरी आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवून, आणि पिस्टन दोरीवर टेकेपर्यंत फिरवायचा. चुकीच्या स्ट्रोकला केलं तर दोरी उघड्या वॉल्ववर दाबते आणि ज्यापासून वाचायचं होतं तेच होतं. नायलॉनची दोरी नको, तिचे धागे सुटतात. पेचकस तर अजिबात नको, पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे, भोक पडेल. डिझेलमध्ये वर जागाच नसते, तिथे ही युक्ती विसरा.

इम्पॅक्ट गन आहे, मग लॉक कशाला पाहिजे?

सोडायला खरंच नको. गनचे झटके एवढे बारीक आणि जोरात असतात की क्रँकला फिरायला वेळच मिळत नाही, त्याच्या वजनानेच तो धरला जातो. फक्त त्या वेळी कुठलीही पिन आत नसू दे, ना क्रँकची ना कॅमची. आवळायला गन नको. टॉर्क किती लागला हे ती सांगत नाही, आणि अंशांत आवळायचा बोल्ट असेल तर प्रश्नच मिटला.

कामाचा क्रम काय? आधी टायमिंग लावायचं की आधी बोल्ट?

आधी बोल्ट सैल करा, मग टायमिंग. लोक उलटं करतात, सगळं मस्त टीडीसीला लावतात, पिना घालतात आणि मग बोल्टाशी कुस्ती.

मी लोगनला असं करतो. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, गाडी घोडीवर, नुसत्या जॅकवर नाही. फ्लायव्हील लॉक लावायचा, बोल्ट सैल करायचा आणि परत हाताने बसेल तेवढा बसवून ठेवायचा कारण इंजिन फिरवायला तोच लागतो. लॉक काढायचा. सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकडी फळी घालून जॅकचा आधार द्यायचा आणि इंजिनाचं उजवीकडचं माउंट उतरवायचं. मग घड्याळाच्या दिशेने फिरवत टीडीसी, कॅमच्या पुलीतून हेडमध्ये जाणारी ८ मिलिमीटरची पिन, आणि शेवटी क्रँकची. पुढे गेलं तर मागे आणायचं नाही, परत दोन फेरे मारून यायचं. आता पुली बाहेर काढायला फ्लायव्हील लॉक परत लागत नाही, बोल्ट बोटांनी निघतो.

रेनोच्या इंजिनात एक नंबरचा सिलिंडर फ्लायव्हीलच्या बाजूचा असतो, बेल्टकडचा नाही. बाकी गाड्यांवर हात बसलेला माणूस इथे हटकून फसतो.

पिना महाग आहेत. व्हाइटनरने खुणा केल्या तर?

जुना बेल्ट, दोन्ही पुल्या आणि ब्लॉक यांच्यावर खुणा करून, दाते मोजून नवा बेल्ट चढवणारे आहेत आणि त्यांच्या गाड्या चालतात. मी स्वतः पिना घालूनही खुणा करतो, दुसरा साक्षीदार म्हणून. पण नुसत्या खुणांवर काम करायचं तर आधीचं टायमिंग बरोबर होतं असं गृहीत धरावं लागतं, आणि सेकंडहँड गाडीत ते कोणी धरावं. शिवाय काही इंजिनांत खुणा खोटं बोलतात, पुढचा प्रश्न वाचा.

पुलीला चावीच (पुली क्रँकवर अडकवणारी लोखंडी खिटी) नाहीये. माझी तुटली का?

बहुतेक नाही, ती तशीच असते. फोर्डची २००५ ची पेट्रोल फिएस्टा, १.४ आणि १.६, किंवा डस्टरचं १.६ पेट्रोल इंजिन, यांत क्रँकवरची दातेरी पुली चावीने अडकवलेलीच नसते. बोल्टाच्या दाबाने, नुसत्या घर्षणाने ती क्रँकला धरून असते. म्हणजे बोल्ट सैल केला त्या क्षणी पुली आणि क्रँक यांचा संबंध सुटला, आता पुलीवरच्या तुमच्या व्हाइटनरच्या खुणेला काही अर्थ नाही. इथे पिन आणि कॅम जागेवर धरणारी पट्टी याशिवाय गत्यंतर नाही.

आणि इथेच आवळताना सगळ्यात जास्त गफलत होते. पुली पक्की होईपर्यंत क्रँक जागेवर पाहिजे म्हणून लोक पिनेवर जोर काढतात, पिन वाकते, क्रँक दोन अंश सरकतो आणि पुली त्या सरकलेल्या जागेवर कायमची बसते. जोर फ्लायव्हील लॉकने घ्यायचा, पिन नुसती जागा दाखवायला. बसवायच्या आधी क्रँकचं टोक आणि पुलीचं भोक पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा, तेलाचा थेंब राहिला तर घर्षण कमी. फिएस्टाच्या त्या बोल्टाला ४० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश आहे, आणि बोल्ट नवाच घ्यायचा.

बोल्ट नवा कशाला? जुना चांगला दिसतोय.

अंशांत आवळायचा बोल्ट ताणला जातो, रबरासारखा पूर्ण मागे येत नाही. दिसायला तसाच दिसतो. एका बोल्टाच्या पैशाकरता अख्खं इंजिन पणाला लावायचं का, तुमचं तुम्ही बघा. लोगन-डस्टरच्या डिझेलमध्ये बोल्ट दोन मापांचे आलेत, एम १२ आणि एम १४, दोघांचा टॉर्क वेगळा. आधी माप बघा मग मॅन्युअलमधला आकडा.

ऑक्टाविया, लॉराचं १.९ टीडीआय आहे. तिचा मोठा बोल्ट कसा सोडू?

सोडूच नका! बेल्टसाठी तो लागत नाही. बाहेरची पुली चार छोट्या बोल्टांवर असते, ते चार काढले की पुली हातात येते आणि दातेरी पुली क्रँकवर तशीच राहते. मधला बोल्ट फक्त ऑइल सील बदलायचं असेल तर, आणि तो परत लावताना नवा, १२० न्यूटन मीटर अधिक ९० अंश. एकाने उगाच सोडला आणि मग मला फोन केला, म्हणून हा प्रश्न इथे आहे.

टायमिंगला मात्र पंप-ड्यूज, म्हणजे इंजेक्टरमध्येच पंप असलेल्या, टीडीआयमध्ये छान टूल आहे, क्रँकच्या दात्यांवरच पुढून सरकवायचा लॉक, त्याचा खिळा मागे सीलच्या फ्लँजमधल्या भोकात जातो. गोल पुलीला टी १००५० आणि अंडाकृती पुलीला टी १०१००. ऑर्डर करायच्या आधी आपली पुली कुठली ते बघा, दुसऱ्याचा लॉक बसत नाही. दिसायला हा भक्कम आहे पण हाही जागा धरायलाच, मधला बोल्ट सोडायला पुली धरायचं वेगळं टूल आहे.

कॅमच्या पिनेवर जोर दिला तर चालतो का?

तेच उत्तर. कॅमच्या पुलीचा बोल्ट सोडायचा असेल तर पुली वेगळ्या होल्डरने धरा. पिनेवर धरलं तर पिन तुटेल, नाहीतर पुली तडकेल.

बेल्ट काढलेला असताना क्रँक चुकून फिरला. आता?

पहिल्यांदा हात काढा आणि काही फिरवू नका. कॅम अजून पिनेत असेल तर फार काही झालेलं नाही. क्रँक आलेल्या वाटेने हळू परत आणा, कुठे अडकल्यासारखं लागलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. कॅम पण हलला असेल तर क्रँक टीडीसीपासून पाव फेरा मागे घ्या, म्हणजे चार सिलिंडरमध्ये चारही पिस्टन मधल्या उंचीवर येतात आणि वॉल्वना जागा मिळते. मग कॅम लावा, पिन घाला, आणि क्रँक पुढे आणा. फिरताना टक्क झालं होतं का ते आठवा, झालं असेल तर बेल्ट लावून कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

सगळं लावून झालं. आता लगेच चालू करू?

नको. सगळ्या पिना काढा, हाताने, पान्याने, घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे मारा. डिझेलमध्ये कॉम्प्रेशनचा जड झोका लागतो आणि पुढे सरकतो, तो चालतो. कडक टक्क लागणं वेगळं, एकदा हाताला दोन्ही लागले की फरक कळतो. परत टीडीसीला आणून पिना सहज जातात का बघा. हातोडी लागत असेल तर टायमिंग चुकलंय, पिनेचा दोष नाही. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा काटाही याच वेळी परत बघायचा. लोगनला शेवटी ब्लॉकचा प्लग लावताना आट्यांना थोडं सीलंट लावा, नाहीतर तिथून तेल झिरपतं आणि तुम्ही सील गेलं म्हणून शोधत बसता.

पिन किंवा लॉक आतच राहिला आणि सेल्फ मारला तर?

पिन वाकेल किंवा तुटेल, तुकडा सम्पमध्ये, फ्लायव्हीलचा लॉक असेल तर दात किंवा हाउसिंग जाईल. हे होतं, थकल्यावर होतं, मला एकदा अगदी होता होता राहिलं. तेव्हापासून मी काम सुरू करताना गाडीची किल्ली खिशात ठेवत नाही. लाल नाडीने ती क्रँकच्या पिनेलाच बांधतो. फ्लायव्हील लॉक लावला की तीच किल्ली तिकडे. बायको एकदा खाली आली, गाडीखाली किल्ली लोंबकळताना बघून म्हणाली चोरांची सोय केली का.